धार लागते, टिकत नाही: सोलापुरातल्या एका नवशिक्याच्या तीन सुऱ्या

सोलापूरच्या पूर्व भागात एक मावशी खानावळ चालवतात. रोजचा कांदाच दहा-बारा किलो चिरला जातो. वर्षानुवर्षं विळीवर बसून गुडघे धरले, म्हणून उभ्यानं चिरता येईल अशा सुऱ्या त्यांनी गल्लीतल्याच एका पोराकडून करून घेतल्या. शिसमाची मूठ, पितळी पिना, पात्यात चेहरा दिसेल असं पॉलिश. महिन्याच्या आत तिन्ही सुऱ्या परत आल्या. मावशींची तक्रार एवढीच होती: "दिसायला झकास आहे रे पोरा, पण टोमॅटोवर ठेवली की घसरते."

पोरगा दिवसा यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर आहे. माग अडला की उघडायचा, घासायचा, बसवायचा हेच काम, त्यामुळे हाताला लोखंडाची सवय आहे आणि कानस चालवताना मनगट डगमगत नाही. सुट्टीच्या दिवशी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो सुऱ्या करतो. उष्णता-प्रक्रियेच्या खात्यात माझी बरीच नोकरी झालेली आणि त्याच्या वडिलांशी जुनी ओळख, म्हणून तिन्ही सुऱ्या फडक्यात गुंडाळून तो माझ्याकडे आला. "धार लागते की ओ काका, टिकतच नाही. आता पोलादच बदलतो."

पोलाद बदलायचं त्याच्या डोक्यात आधीपासूनच होतं. त्याआधी त्यानं तेल बदललं होतं, मुठीचा आकार बदलला होता, ग्राइंडरची चकती बदलली होती, तेही सगळं एकाच सुरीत. नवशिक्यांचं बहुतेक इथंच बिनसतं. पुढची सुरी बरी झाली तर कशामुळे झाली ते कळत नाही आणि बिघडली तर कशामुळे बिघडली तेही कळत नाही. पोलाद तसंच ठेवायचं आणि हातातल्या तीन सुऱ्यांकडून आधी उत्तर काढायचं, असं ठरलं.

सुऱ्या कशा केल्या होत्या

पोलाद ट्रकच्या कमानीच्या पाट्याचं, भंगारातून आणलेलं. पुणे-हैदराबाद महामार्गावरच्या या गावात जुन्या पाट्यांना तोटा नाही. पाटा सहा-सात मिलिमीटर जाडीचा. तो दगडी कोळशाच्या भट्टीत लाल करून ठोकून थोडा पातळ केला, ग्राइंडरनं आकार दिला आणि मग 'पाणी दिलं', म्हणजे तापवून तेलात बुडवून कडक केलं. पाणी द्यायची रीत त्यानं कोयते-विळे घडवणाऱ्या एका घिसाडी कारागिराकडे बसून उचलली होती. पातं लाल करायचं आणि फक्त धारेकडची बाजू बुडवायची. पाठीत उरलेली उष्णता हळूहळू धारेकडे सरकते, घासून पांढऱ्या केलेल्या पट्टीवर रंग चढत जातो, हवा तो रंग आला की सगळं पातं बुडवून टाकायचं.

ही रीत अजिबात चुकीची नाही. उसाच्या कोयत्यासाठी ती उत्तम आहे. कोयत्याची पाठ जाड असते, तिच्यात उष्णतेचा साठा राहतो. शिवाय कोयता मातीत, दगडावर आपटणार, त्यामुळे त्याची धार थोडी मऊ असलेलीच बरी. वाकली तर शेतातच घासून सरळ करता येते, तुकडा उडाला तर कोयता गेला. स्वयंपाकघरातल्या पातळ पात्याच्या पाठीत मात्र तेवढी उष्णताच उरत नाही. रंग चढतो तो टोकाला एक, मध्ये दुसरा, मुठीजवळ तिसरा. पोरानं रीत बरोबर उचलली होती, हत्यार चुकीचं निवडलं होतं.

आणखी एक गोष्ट. हे सगळं तो भर दुपारी, पत्र्याच्या शेडबाहेर उघड्यावर करत होता. सोलापूरच्या उन्हात लाल झालेलं लोखंड लाल दिसतच नाही. डोळ्याला 'आता लाल झालं' असं वाटेपर्यंत पातं नारिंगीच्या पुढे गेलेलं असतं.

तपासणी

आधी जाडी मोजायचं व्हर्नियर घेतलं. धारेच्या किंचित मागे, जिथून उतार सुरू होतो तिथली जाडी तिन्ही सुऱ्यांत एक मिलिमीटरच्या आसपास भरली. भाजीच्या सुरीला ती ०.३ ते ०.४ मिलिमीटर हवी. एक मिलिमीटरवर कितीही बारीक धार लावा, धार आत शिरते पण मागचं पातं पाचरीचं काम करतं. कांदा कापला जात नाही, फुटतो. टोमॅटोची साल आधी दबते, मग फाटते. मावशींच्या तक्रारीचा एक भाग इथंच उलगडला आणि त्याचा पोलादाशी काही संबंध नव्हता.

मग नवी, धारदार कानस घेऊन धारेवरून हलक्या हातानं फिरवली. नीट कडक झालेल्या पोलादावर कानस घसरते आणि काचेवर घासल्यासारखा बारीक आवाज येतो. इथे पहिल्या दोन-चार हातांना कानस चावली, काळपट भुकटी निघाली आणि त्यानंतर घसरू लागली. म्हणजे वरची कातडी मऊ, आतलं पोलाद कडक. भट्टीत पातं जास्त वेळ आणि जास्त गरम राहिलं की पृष्ठभागावरचा कार्बन हवेतल्या ऑक्सिजनशी जळून जातो. कमानीच्या पोलादात सिलिकॉन जास्त असतं आणि अशा पोलादात हा प्रकार लवकर होतो. पोरगा कडक करण्याआधीच धार जवळजवळ पूर्ण काढत होता, नंतर फक्त पॉलिश. म्हणजे मावशींच्या हातात जाणारी धार नेमकी त्या मऊ कातडीची होती.

टोकाकडे गेल्यावर कानस पुन्हा चावू लागली आणि चावतच राहिली. मी विचारलं, "घासताना टोक निळं झालं होतं का?"

"झालं होतं काका. पण बफवर, पॉलिशच्या चाकावर धरलं की लगेच गेलं ओ."

रंग गेला होता, मऊपणा राहिला होता. पोलाद तापलं की त्याच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो. साधारण २०० अंशांना तो फिक्या पिवळ्या रंगाचा दिसतो, ३०० च्या आसपास निळा. बफ तो थर पुसून काढतं. खाली पोलाद जेवढं मऊ झालं, तेवढं झालं. टोक सगळ्यांत पातळ, त्यामुळे ग्राइंडरखाली सगळ्यांत आधी जळतं तेच. चेहरा दिसेल अशा पॉलिशखाली काय झाकलं जातं, हे त्या पोराला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. दुसऱ्याची सुरी तपासताना मी अती चकाकीकडे थोडं संशयानंच बघतो.

तिसरी तपासणी त्याला जड गेली. एक सुरी मोडायची होती. व्हाइसमध्ये अर्धं पातं पकडायचं, वरून जाड फडकं टाकायचं, डोळ्यांवर चष्मा आणि बाजूनं हातोड्याचा एक फटका. त्यानं सगळ्यांत कमी आवडती सुरी पुढे केली. मी सगळ्यांत देखणी मागितली, कारण भट्टीत सगळ्यांत जास्त वेळ तीच राहिली होती. त्यानं ती दोनदा व्हाइसमध्ये धरली आणि दोनदा काढली. शेवटी स्वतःच फटका मारला.

मोडलेल्या जागी पोलादाचा दाणा, म्हणजे आतले स्फटिक, साखरेसारखा चमकत होता. नीट प्रक्रिया झालेलं पोलाद मोडलं की आतून करडं, बारीक, जवळजवळ मखमली दिसतं. वेगळे दाणे नुसत्या डोळ्यांनी मोजता आले तर समजायचं की पातं गरजेपेक्षा फार तापलं होतं. असं पोलाद कडक असूनही ठिसूळ असतं, धारेचे सूक्ष्म तुकडे उडत राहतात. भर दुपारची भट्टी इथे पकडली गेली.

थोडक्यात, 'धार टिकत नाही' या एका तक्रारीत चार वेगळे दोष निघाले: जाडी, मऊ कातडी, जळलेलं टोक आणि वाढलेला दाणा. नुसतं पोलाद बदललं असतं तर यातला एकही गेला नसता.

उरलेल्या दोन सुऱ्या

एक सुरी फक्त पातळ केली. भट्टी नाही, तेल नाही, काही नाही. पाण्याची बादली शेजारी ठेवून, प्रत्येक घासणीनंतर पातं बुडवून, दोन्ही बाजूंचा उतार वर पाठीपर्यंत नेला. हातात मोजा घालायचा नाही हे दोन कारणांसाठी सांगितलं. ग्राइंडरच्या फिरत्या पट्ट्यात मोजा अडकला तर बोट आत ओढलं जातं, हे पहिलं. दुसरं म्हणजे उघड्या बोटांना पातं तापल्याचं रंग येण्याच्या कितीतरी आधी कळतं. या घासणीत मऊ कातडीही निघून गेली.

दुसऱ्या सुरीच्या पिना ड्रिल करून मूठ काढली आणि फक्त उष्णतेची प्रक्रिया नव्यानं केली, जाडीला हात लावला नाही. दिवस मावळल्यावर, शेडचा दिवा बंद करून. काठीला बांधलेलं चुंबक पात्याला लावत राहायचं. लोखंडाचं चुंबकत्व ७७० अंशांना जातं. चुंबक चिकटेनासं झालं की आणखी किंचित तापवायचं, पातं बाहेर काढून स्थिर हवेत काळं पडेपर्यंत थंड होऊ द्यायचं. असं तीन वेळा, दर वेळी आधीपेक्षा थोडं कमी तापवून. वाढलेला दाणा यात पुन्हा बारीक होतो. चौथ्या वेळी कडक करायला तेलात.

तेलाबद्दल थोडं सांगायला हवं. तो गॅरेजमधलं जळकं इंजिन ऑइल वापरत होता. त्याचा धूर छातीला वाईट, त्यात काय काय मिसळलेलं असतं ते सांगता येत नाही, आणि ही सुरी उद्या भाजीला लागणार. त्याऐवजी साधं शेंगदाण्याचं तेल घेतलं, ५०-६० अंशांपर्यंत कोमट करून. थंड तेल घट्ट असतं, पात्याभोवती नीट फिरत नाही, कोमट तेल उलट लवकर उष्णता ओढतं. (चटणीच्या गावात घरातून पाच लिटर शेंगदाणा तेल भट्टीसाठी मागणं हे या प्रकरणातलं सगळ्यांत अवघड काम होतं. त्याच्या आईला मीच फोन केला.) डबा पत्र्याचा, उभा, झाकण हाताशी. पातं टोकाकडून सरळ खाली घालायचं आणि वर-खाली हलवायचं. डावीकडे-उजवीकडे हलवलं की एक बाजू आधी थंड होते आणि पातं वाकतं. तेल पेटलं तर झाकण ठेवायचं, पाणी कधीच ओतायचं नाही.

त्यानंतर लगेच ओव्हन, कडकपणाबरोबर आलेला ठिसूळपणा उतरवायला. बिस्किटं भाजायचा साधा ओटीजी पुरतो, पण त्याच्या चकतीवर लिहिलेल्या अंशांवर विश्वास ठेवायचा नाही. आत वेगळा थर्मामीटर ठेवल्यावर हा ओटीजी २०० च्या खुणेला बराच वर जाताना दिसला. वाळूचा ट्रे आत ठेवून तापमान स्थिर केलं, २०० अंशांना दोन तास, बाहेर काढून थंड, पुन्हा दोन तास. तेल पुसून न काढता पातं आत ठेवलं तर पुढचे कित्येक दिवस बिस्किटांना त्याचा वास येतो, हेही घरातल्यांनी सांगून झालं.

दोन्ही सुऱ्या मावशींकडे गेल्या. कोणत्या सुरीत काय केलं ते सांगितलं नाही. आठ दिवसांनी निकाल आला. पातळ केलेली सुरी पहिल्या दिवसापासून आवडली, पण रोज दगडावर घासावी लागत होती. नव्यानं कडक केलेली टिकत होती, पण "हात दुखतो, दाबावं लागतं". म्हणजे सुरी चालते कशी हे जाडीवर ठरतं आणि टिकते किती हे उष्णतेच्या प्रक्रियेवर. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात सांगितल्या जातात, म्हणून कारागीर एकीचं औषध दुसरीला देत बसतो.

ओट्यावरची गोष्ट

एक दिवस खानावळीत जेवायला गेलो तेव्हा आत डोकावलं. मावशी शहाबादी फरशीच्या ओट्यावर थेट कांदा चिरत होत्या. विळीला पाट वेगळा लागत नाही, भाजी हवेतच कापली जाते. ती सवय सुरीबरोबर आली होती. प्रत्येक घावाला धार फरशीवर आपटत होती. जगातली कोणतीही धार यात दिवसभर टिकणार नाही.

पोराला हे आधीच कळायला हवं होतं असं मला वाटतं. सुरी देताना ती कुठे, कशावर, किती वेळ चालणार हे गिऱ्हाइकाला विचारणं कारागिरीचाच भाग आहे. सुतारवाड्यातून कडुलिंबाची जाड फळी करून आणली. त्या दिवसापासून रोजची घासणी आपोआप कमी झाली.

नव्या सुऱ्या

आता कुठे पोलाद बदलायची वेळ आली, तीही सोयीसाठी. भंगारातल्या पाट्याचा नेमका प्रकार कळत नाही, आणि लाखो हिसके खाल्लेल्या पाट्यात डोळ्याला न दिसणाऱ्या चिरा असू शकतात. शिवाय सात मिलिमीटरचा पाटा अडीचवर आणण्यात वेळ, कोळसा आणि पट्टे जातात. त्याऐवजी सी ७५ या प्रकारच्या पोलादाची अडीच मिलिमीटर जाडीची नवी पट्टी घेतली. त्यात कार्बन ०.७ ते ०.८ टक्के, बाकी फारसं काही नाही. साध्या भट्टीला आणि तेलाला ती ऐकते. बाजारात सहज मिळतं म्हणून बरेच जण ईएन ८ हे पोलाद घेतात, पण त्यात कार्बन ०.४ टक्क्याच्या आसपासच असतो. शाफ्टला चांगलं, सुरीला अपुरं.

आकार एकच ठरवला: सहा इंची पातं, पुठ्ठ्याचा साचा कापून. तो आकार अंगवळणी पडेपर्यंत दुसरा आकार नाही. पट्टीच्या कडेवर मार्करची शाई फासायची, पट्टीच्या जाडीएवढंच ड्रिल बिट सपाट फरशीवर आडवं ठेवून त्याच्या टोकानं कडेवर रेघ ओढायची. ती रेघ बरोबर मध्यावर येते. पट्टी उलटवून दुसरी रेघ ओढली की थोडाफार फरक असला तरी दोन रेघांमध्ये धारेची जागा बंदिस्त होते. उतार कानशीनंच काढायचे. ग्राइंडर वेळ वाचवतो, पण नवशिक्याच्या हातात चूकही त्याच वेगानं करतो.

मुठीची छिद्रं तेलाच्या आधीच पाडायची, नंतर ड्रिल चालत नाही. तेलाआधी धार एक मिलिमीटर जाड ठेवायची आणि पात्यावरचे ओरखडे २२० नंबरच्या पेपरपर्यंत काढायचे, कारण खोल आडवा ओरखडा असला की तेलात तडा तिथूनच सुरू होतो. बाकीचं पातळ करणं कडक झाल्यानंतर, म्हणजे मऊ कातडी त्यात निघून जाते.

पहिल्या खेपेतली एक सुरी तेलातून वाकडी निघाली. मोजल्यावर एका बाजूचा उतार दुसऱ्यापेक्षा जास्त घासलेला निघाला. थंड पात्यावर हातोडा मारण्याऐवजी ते सरळ पट्टीला क्लँपनं बांधलं, वाकाच्या जागी उलट बाजूनं एक नाणं अडकवलं आणि तसंच ओव्हनमध्ये ठेवलं. पुष्कळसं सरळ झालं, पूर्ण नाही. ती सुरी त्याच्या घरी वापरात आहे.

मूठ

मुठीवर त्याचं सगळ्यांत जास्त प्रेम होतं आणि दोषही तिथं लपलेले नव्हते, पण त्याला दिसत नव्हते. बोटांच्या खाचा त्यानं स्वतःच्या पंजाला मोजून कोरल्या होत्या. मावशींचा पंजा लहान, त्यांची बोटं खाचांच्या उंचवट्यावर येत. खाचा गेल्या. मूठ साध्या लांबट गोलाईची झाली, ओल्या हातातही फिरणार नाही अशी. शिसमाऐवजी जुनी, वर्षानुवर्षं वाळलेली बाभळीची फळी घेतली. औतांना बाभूळ उगाच वापरत नाहीत.

पात्याला लागून असणारी मुठीची पुढची कड चिकटवण्याआधीच पूर्ण घासून, पॉलिश करून घ्यायची. नंतर तिथे पेपर चालवला की पात्यावर ओरखडे आलेच. लाकडाची आतली बाजू काचेवर पसरलेल्या पेपरवर सपाट करायची, लोखंड खरखरीत करून थिनरनं पुसायचं. इपॉक्सी सावकाश सुकणारंच घ्यायचं आणि क्लँप बेतानं आवळायचा. जीव खाऊन आवळला की सगळा गोंद बाहेर येतो आणि आत काही उरत नाही. वरून जवसाचं तेल. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत, ती आपोआप तापून पेट घेतात. उन्हात एकेक पसरून वाळवायची.

सध्याची स्थिती

नव्या सुऱ्या खानावळीत चालू आहेत. धार प्रत्येक बाजूनं साधारण १५ ते १८ अंशांची. मावशींची नवी तक्रार अशी की कांद्यानं पातं काळंनिळं पडलं. कार्बनच्या पोलादाला ते होणारच. गंज तांबूस असतो आणि हाताला लागतो, हा थर तसा नाही. पुसून कोरडी ठेवली, रात्री तेलाचं बोट फिरवलं की झालं. लिंबू आणि चिंचेसाठी त्यांनी विळीच ठेवली आहे, ते मला पटतं.

पोरानं वही घातली आहे. प्रत्येक पात्यावर नंबर, आणि नंबरपुढे पोलाद, ओव्हनचं खरं तापमान, धारेमागची जाडी आणि गिऱ्हाइकाचं म्हणणं. शेवटचा रकाना मी सुचवला. तोच सगळ्यांत उपयोगी ठरतोय.

मध्यंतरी वाढदिवसाचा केक कापायला हातभर लांबीचं पातं हवं म्हणून दोन पोरं आगाऊ पैसे घेऊन आली होती. त्यानं विचारलं, मी नको म्हटलं. घरगुती, शेतीच्या किंवा कारखान्याच्या कामासाठी नसलेलं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्र कायद्याखाली येतं, आणि केकवर तलवार चालवणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात नव्या नाहीत. त्यानं पैसे परत केले.

अजून दोन गोष्टी त्याला जमत नाहीत. डावीकडचा उतार दर वेळी उजवीकडच्यापेक्षा किंचित वर चढतो. तो उजवा हात पुढे ठेवून दोन्ही बाजू घासतो, त्यामुळे डावीकडे त्याचं अंग वळतं. सध्या व्हाइसची उंची वाढवून बघतोय. दुसरी म्हणजे ईएन ३१. बेअरिंगचं हे पोलाद, एक टक्का कार्बन आणि सोबत क्रोमियम. पट्टी आणून ठेवली आहे. पण त्याला ठरावीक तापमानावर काही मिनिटं स्थिर धरावं लागतं, ते कोळशाच्या भट्टीत आणि चुंबकावर होत नाही. तापमान मोजणारं थर्मोकपल आणि ते स्थिर ठेवणारा कंट्रोलर लावलेली छोटी इलेक्ट्रिक भट्टी लागेल. तिचे पैसे सुऱ्यांतूनच उभे करायचे, पगारातून नाही, असं त्याच्या वडिलांनी बजावलं आहे.